पाठीवरची बॅटरी

कांद्याच्या हंगामात राहुरीच्या बाजारातून चाललं की कृषी सेवा केंद्रांच्या दारात फवारणीच्या पंपांची रांग लागलेली दिसते. निळे, पिवळे, हिरवे. 16 लिटरचे, 18 चे, 20 चे. पूर्वी या पंपाला बाजूने एक दांडा असायचा. एका हाताने दांडा हलवायचा, दुसऱ्या हातात नळी. दिवसभर दांडा मारून खांदा भरून यायचा. आता बहुतेक पंपांचा दांडा गेला, ‘टू इन वन’वाल्यांत तो अडीअडचणीला उरला, आणि टाकीच्या बुडाशी एक छोटी मोटार व एक बॅटरी आली. ही बॅटरी कोणती असावी, याबद्दल आज लिहितो आहे.

विषय कुणाला किरकोळ वाटेल. पण आमच्या तालुक्यात ऊस, कांदा, डाळिंब, कपाशी सगळं आहे, मुळा धरणाचं पाणी आहे, आणि पीक म्हटलं की फवारणी आलीच. कांद्यावर फुलकिडे आले, करपा आला की पंप बाहेर निघतो. एकराला साधारण 200 लिटर पाणी धरलं तर 16 लिटरच्या टाकीने 12-13 खेपा होतात. आमच्याकडे फवारणीची मजुरीसुद्धा बहुतेक ‘पंपावर’ ठरते, म्हणजे जितक्या टाक्या मारल्या तितके पैसे. दुपारी बारा वाजता बॅटरी उतरली तर त्या माणसाची तेवढी कमाई बुडाली.

माझा धाकटा भाऊ मोटार रिवायंडिंग करतो. दुकान अब्बांनी सुरू केलेलं. तेव्हा विहिरीवरच्या मोटारी यायच्या, आता त्यांच्या जोडीला हे पाठीवरचे पंपही येतात. मी नोकरीतून मोकळा झाल्यापासून असरनंतर मगरिबपर्यंत तिथल्या बाकावर बसतो, गिऱ्हाइकांशी बोलतो, भावाला लागलं तर मीटर धरून देतो. येणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो, “भाई, चांगली बॅटरी टाका.” चांगली म्हणजे काय, हे विचारलं की बहुतेकांचं उत्तर असतं, “जास्त पॉवरची.”

हेच उत्तर मी फार लांबून, इंग्लंडहूनही ऐकलं. माझा भाचा तिथे शिकतो. सुट्टीच्या दिवशी तो मित्रांबरोबर एअरसॉफ्ट नावाचा खेळ खेळतो. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या विजेरी रायफली असतात, त्यातून 6 मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या सुटतात, डोळ्यांवर जाड चष्मा लावून एकमेकांवर नेम धरायचा. एकदा फोनवर म्हणाला, “मामू, रायफलीला बॅटरी घ्यायची आहे. 7.4 व्होल्टची घेऊ की 11.1 ची? 11.1 ची जास्त पॉवरफुल आहे म्हणतात.” मी भावाच्या हातात फोन दिला. भावाने त्याला चार प्रश्न विचारले. दस्त्यात बसते का? रायफलीचं मशीन किती व्होल्टचं आहे? किती वेळ खेळायचं आहे? चार्जर कोणता आहे? भाच्याने चौकशी करून दुसऱ्या दिवशी सांगितलं की 11.1 ने गोळ्या भराभर सुटतात खऱ्या, पण आतली दातेरी चाकं तेवढ्या जोराची नसली तर झिजतात, तुटतात. त्याने 7.4 ची घेतली.

फोन ठेवल्यावर भाऊ हसून म्हणाला, “खेळण्याची रायफल असो की औषधाचा पंप, प्रश्न तेच.” ते खरं आहे. फक्त पंपाच्या बाबतीत एक पाचवा प्रश्न येतो, तो शेवटी घेऊ.

आधी व्होल्ट. पाठीवरच्या पंपाची मोटार साधारणपणे 12 व्होल्टची असते. तिला सोबत येणारी साधी बॅटरी म्हणजे बंद डब्यातली शिशाची, 12 व्होल्ट 8 अँपियर किंवा 12 अँपियर. पूर्ण भरून थोडा वेळ ठेवल्यावर मीटरवर ती 12.7-12.8 दाखवते, निम्मी उतरली की 12.2 च्या आसपास येते. फवारणी करता करता दाब हळूहळू कमी होत जातो, हे प्रत्येक मजुराला हाताला कळतं.

लिथियममध्ये दोन जाती आहेत, आणि दुकानात दोन्हींना ‘लिथियम’ एवढंच म्हणतात. घोटाळा इथूनच सुरू होतो. एक जात मोबाइल-लॅपटॉपमधली. तिची एक सेल 3.7 व्होल्टची. अशा तीन सेल एकापुढे एक जोडल्या की 11.1 व्होल्ट होतात, म्हणजे भाच्याच्या रायफलीचाच आकडा. भरल्यावर 12.6. दुसरी जात लिथियम फॉस्फेटची. तिची एक सेल 3.2 ची, चार जोडल्या की 12.8, भरल्यावर 14.6. ही दुसरी जात पंपाच्या मोटारीला नीट जुळते, जवळजवळ शेवटपर्यंत एकसारखा दाब देते, आणि तापण्या-पेटण्याच्या बाबतीत पहिलीपेक्षा बरीच शांत असते.

पण ‘जास्त पॉवर’ मागणाऱ्यांसाठी पहिल्या जातीच्या चार सेल जोडलेले पॅकही मिळतात. भरल्यावर 16.8 व्होल्ट. 12 व्होल्टच्या मोटारीला हे दिले की फवारा जोरात उडतो, गिऱ्हाईक खूश. दीड-दोन महिन्यांनी तोच पंप आमच्या दुकानात येतो. कार्बन झिजलेले, पडदा फाटलेला, आणि औषध बुडातून गळून मजुराच्या पाठीवर आलेलं.

पाठीवर आलेलं औषध निदान दिसतं तरी. जे दिसत नाही ते जास्त वाईट. नोझल तेच ठेवून दाब वाढवला की थेंब बारीक होतात. बारीक थेंब पानावर बसण्याऐवजी हवेत तरंगतो, वाऱ्याने मागे येतो, नाका-तोंडात जातो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं. कारणं अनेक सांगितली गेली. त्या वर्षी डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट उष्मा, दोन-तीन औषधं एकत्र करणं, अंगावर काहीच संरक्षण नसणं. त्याच चर्चेत बॅटरीवर चालणाऱ्या चिनी पंपांचंही नाव आलं, कारण त्यांतून दाट आणि बारीक फवारा निघतो. सगळा दोष पंपावर टाकता येणार नाही. पण मोटारीला पेलत नाही इतके व्होल्ट देणारी बॅटरी विकताना, फवारणाऱ्याच्या श्वासाचा विचार कुणी केलेला नसतो, एवढं मात्र खरं.

म्हणून व्होल्टच्या बाबतीत आमच्या दुकानाचा नियम साधा आहे. मोटारीवर 12 लिहिलं असेल तर 12 चीच. फवारा कमी वाटला तर आधी गाळणी आणि नोझल साफ करून बघा. दहापैकी निम्म्या वेळा बॅटरीचा दोष नसतोच.

आता अँपियर, म्हणजे किती वेळ चालेल. हिशोब सोपा आहे. एका मोटारीचा पंप साधारण अडीच-तीन अँपियर ओढतो. 8 ला अडीचने भागलं तर तीन तासांच्या वर येतात. प्रत्यक्षात तेवढे मिळत नाहीत. शिशाच्या बॅटरीवरचा आकडा 20 तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशोबाने छापलेला असतो. 8 अँपियर म्हणजे 0.4 अँपियरने 20 तास. अडीचने ओढली की ती नवी असतानाही साडेपाच-सहाच देते, म्हणजे सव्वादोन तास. लिथियम फॉस्फेट असं कापून घेत नाही, छापलेलं जवळजवळ सगळं देते. त्यामुळे लिथियमची 6 आणि शिशाची 8 यांचं काम सारखंच होतं. मिनिटाला दोन लिटर फवारा धरला तर 16 लिटरची टाकी आठ मिनिटांत संपते, म्हणजे सव्वादोन तासांत 16-17 टाक्या. एका एकराला पुरून थोडं उरतं. डबल मोटारचा पंप घेतला तर वीज जवळजवळ दुप्पट ओढली जाते. तेव्हा मात्र शेजाऱ्याची बॅटरी दिवसभर जाते आणि आपली का नाही, अशी तक्रार घेऊन येऊ नये.

इथे भाच्याच्या रायफलीचा आणि आपल्या पंपाचा रस्ता वेगळा होतो. रायफलीचा घोडा ओढला की क्षणभर मोटार पंधरा-वीस अँपियर मागते, मग थांबते. त्यामुळे तिच्या बॅटरीवर एक ‘सी’चा आकडा पाहतात, म्हणजे एका झटक्यात किती वीज देऊ शकेल त्याचा. पंपाला झटका नको असतो. त्याला बैलासारखी एका चालीने दुपारपर्यंत जाणारी बॅटरी हवी. त्यामुळे दुकानदार ‘हाय डिस्चार्ज’ वगैरे सांगू लागला तर त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

छापलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? लिथियमच्या बोटाएवढ्या सेलवर, ज्यांना 18650 म्हणतात, 9900 सुद्धा छापलेलं मी पाहिलं आहे. या मापाच्या उत्तम सेलमध्ये 3500 च्या आसपासच मावतं. बाकीचं कागदावर. शिशाच्या बॅटरीत एक सोय आहे. शिसं खोटं बोलत नाही. 8 अँपियरची चांगली बॅटरी सव्वादोन-अडीच किलो भरते. पावणेदोन किलोची निघाली तर आत शिसंच कमी घातलेलं आहे. म्हणून भाऊ बॅटरी घेताना काट्यावर टाकतो. घाऊकवाला म्हणतो, “काय भाई, बॅटरी घेताय की वांगी?” म्हणू दे.

चार्जरचा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो आणि घर त्यानेच जळू शकतं. शिशाच्या बॅटरीचा चार्जर चढत चढत 14.4 ते 14.7 पर्यंत जातो. तीन सेलच्या लिथियमला 12.6 च्या पुढे एक ठिपकाही जाता कामा नये. जुना चार्जर हाताशी आहे, पीन बसते, मग कशाला नवा घ्या, म्हणून तोच लावला जातो. 14.7 ला तीनने भागा. प्रत्येक सेलवर 4.9 व्होल्ट येतात, आणि तिची हद्द 4.2 ची. पॅकमध्ये बीएमएस नावाची छोटी पट्टी असते, ती चांगली असेल तर वेळेत वीज तोडते. स्वस्त पॅकमध्ये ती नावापुरती असते. 2022 च्या उन्हाळ्यात पुण्यासह देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, त्यानंतर सरकारने गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या सुरक्षाचाचण्या कडक केल्या. पंपाच्या बॅटरीकडे असं कुणाचं लक्ष नाही. ती तर रात्री वीज असते म्हणून घरात, खाटेखाली, औषधाच्या बाटल्यांशेजारी चार्जिंगला लावून लोक झोपी जातात.

तेव्हा बॅटरीसोबत तिचाच चार्जर घ्यावा. फरशीवर, मोकळ्या जागी, घरातलं कुणी जागं असताना लावावा. फुगलेली बॅटरी वापरू नये, कितीही चालत असली तरी. उन्हात तापलेला पंप शेतातून आणला की तासभर सावलीत ठेवून मग चार्जिंगला लावावा. शिशाची बॅटरी वापरली की त्याच दिवशी भरावी, आणि हंगाम संपल्यावर दोन महिन्यांनी एकदा पुन्हा. रिकामी ठेवली तर आत खडे धरतात आणि पुढच्या हंगामात ती उठत नाही. लिथियम मात्र हंगाम संपताना अर्धी भरून ठेवावी. आयुष्याचं म्हणाल तर शिशाची रोज पूर्ण रिकामी केली तर दोनशे-तीनशे वेळा साथ देते, लिथियम फॉस्फेट दीड-दोन हजार वेळा. किंमत जास्त वाटते ती दुकानात, चौथ्या हंगामात वाटत नाही.

आता तो पाचवा प्रश्न. बॅटरी कोणाच्या पाठीवर जाणार?

भाचा आपली बॅटरी स्वतः निवडतो आणि स्वतःच वागवतो. जड वाटली तर दुसऱ्या रविवारी बदलेल. आमच्याकडे बॅटरी मालक घेतो आणि वागवतो मजूर. मालक किंमत बघतो, मजुराला कुणी विचारत नाही. 16 लिटर पाणी म्हणजे 16 किलो. पंप आणि बॅटरी मिळून आणखी पाच-सहा किलो. हे ओझं घेऊन ओल्या सरीतून, ढेकळांतून एका एकरात बारा-तेरा वेळा जायचं. 12 अँपियरची शिशाची बॅटरी साडेतीन किलोच्या आसपास भरते, 8 ची सव्वादोन-अडीच, लिथियम फॉस्फेटची 6 ची पाऊण किलोच्या आसपास. कागदावर हा फरक दीड-पावणेतीन किलोचा. संध्याकाळी कमरेत तो किती होतो, हे कागदावर येत नाही.

मागच्या रब्बीत एक फवारणीवाला दुकानात आला. पन्नाशीचा असेल. मालकाचा पंप दुरुस्तीला घेऊन आला होता, बॅटरी बसली होती. मालकाने फोनवर सांगितलं होतं, 12 ची टाका, दिवसभर बघायला नको. हा माणूस भावाजवळ येऊन हळूच म्हणाला, “भाई, तुम्ही मालकाला सांगा ना हलकी टाका म्हणून. मी सांगितलं तर म्हणतील कामचुकारपणा करतो.” भावाने त्याला चहा पाजला आणि मालकाला दुकानात बोलावून घेतलं. तिन्ही बॅटऱ्या काट्यावर एकेक करून ठेवल्या. मग पंपात पाणी भरलं, 12 ची बॅटरी बसवली आणि म्हणाला, “शेठ, जरा पाठीवर घेऊन बघता का, पट्टा बरोबर आहे का ते?” शेठनी घेतला, दुकानापासून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, आणि उतरवून ठेवताना खांदा चोळला. लिथियमचे पैसे त्यांना जास्तच वाटले. पण 12 ऐवजी 8 ची घेतली, आणि दुपारी बदलायला म्हणून आणखी एक 8 ची. दोन बॅटऱ्यांनी त्यांचा दिवस जातो. एक पाठीवर, एक बांधावर. त्यांनी लिथियम घ्यायला हवी होती असं मला अजूनही वाटतं. पण त्या माणसाच्या पाठीवरचा एक किलो त्या दिवशी कमी झाला, आणि ते स्वतः मागण्याची त्याची हिंमत नव्हती.

हाताखालच्या माणसावर त्याला पेलणार नाही असं ओझं टाकू नये, टाकावंच लागलं तर स्वतः हात लावावा, अशी शिकवण हजरत अबू जर यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये आहे. आपल्यात मजुरी वेळेवर देण्याबद्दल पुष्कळ बोललं जातं आणि ते बोललंच पाहिजे. ओझ्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. आज शेतात उंट-गाढवं नाहीत, गुलाम नाहीत. ओझ्याचा प्रश्न पंपाच्या बुडाशी अडीच की पाऊण किलो, या रूपात समोर येतो.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांपुरती सांगायची आहे, कारण भंगाराचा धंदा आपल्यातले पुष्कळ जण करतात. माझे चाचासुद्धा करत. शिशाची जुनी बॅटरी किलोवर विकली जाते आणि तिला भाव चांगला मिळतो. तो मिळावा म्हणून काही ठिकाणी बॅटरी फोडून आम्ल नाल्यात ओततात, शिसं उघड्यावर वितळवतात. तो धूर आणि ती धूळ घरातल्या लेकरांच्या पोटात जाते, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. बॅटरी कचऱ्याचे नियम 2022 मध्ये नव्याने आले आहेत. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्यांत बनवणाऱ्यांवर टाकली आहे. तेव्हा फोडू नका, अख्खी द्या, नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्यापर्यंत पोचेल अशा ठिकाणी द्या. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे जमा करून पैसे कापून घेणं सगळ्यांत सोपं. लिथियमच्या पॅकला भंगारात फारसा भाव नाही म्हणून तो पत्र्याच्या ढिगात फेकला जातो. तिथे दाबला गेला, ठेचला गेला तर पेट घेतो. त्याला वेगळ्या डब्यात, टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा.

राहुरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, 1968 पासूनचं. त्याच्याच आवारात कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. पिकाच्या नव्या जाती, औषधांची मात्रा, पाण्याचं गणित, सगळ्यांच्या शिफारशी विद्यापीठाकडून येतात आणि शेतकरी त्या मानतो. पाठीवर किती किलो असावं आणि पंपाला कोणती बॅटरी लावावी, याचीही एक पानाची शिफारस मराठीत काढून कृषी सेवा केंद्रांच्या भिंतीवर लागली, तर तिला खर्च फार येणार नाही.

तोवर दुकानात जाणाऱ्यांनी एवढं करावं. मोटारीचे व्होल्ट वाचावेत, बॅटरी तिच्या कप्प्यात बसते का आणि लाल-काळी वायर जुळते का ते पाहावं, काट्यावर वजन करून घ्यावी, चार्जर तिचाच मागावा. आणि जो ती पाठीवर घेणार आहे त्याला सोबत न्यावं. त्याच्यासमोर टाकी भरून पंप चालवून बघावा, आणि कोणती घ्यायची हे त्याला विचारावं.